प्रस्ताव वाचणाऱ्यालाही तो पुढे मांडायचा असतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील तुमच्या गावचा पाझर तलाव गाळाने भरला आहे. तो गाळ काढण्यासाठी तुमच्या संस्थेने गेल्या दोन वर्षांत चार कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मागणारे प्रस्ताव पाठवले आणि चारही ठिकाणांहून ‘सध्या आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही’ अशा आशयाचे दोन ओळींचे उत्तर आले. आपले लेखन प्रभावी नाही, असा निष्कर्ष काढून तुम्ही अकरा पानांचा मसुदा मला पाठवला आहे आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: तो अधिक पटणारा कसा करावा, इंग्रजीत लिहावा का आणि किती पानांचा असावा.

मसुदा मी दोनदा वाचला. त्यात भाषेची कमतरता कुठेही नाही, उलट ती गरजेपेक्षा बरीच जास्त आहे. माहितीही आहे, आणि चांगली आहे, पण ती सातव्या, नवव्या आणि शेवटच्या पानावरच्या तक्त्यात विखुरलेली असल्याने तिथपर्यंत कोणी पोहोचले असेल, असे मला वाटत नाही. हे मी वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून सांगतो आहे. पहिली तेरा वर्षे मी ग्रामीण भागातील संस्थांसाठी प्रस्ताव आणि अहवाल लिहिले, आणि पुढची नऊ वर्षे एका कंपनीत असे प्रस्ताव वाचून त्यांची छाननी करण्याचे काम केले. खुर्ची बदलल्यावर पहिल्याच महिन्यात मला जे कळले, ते आधीच्या तेरा वर्षांत कोणी सांगितले असते तर माझे निम्मे कष्ट वाचले असते.

प्रस्ताव प्रत्यक्षात कसा वाचला जातो, ते आधी सांगतो. कंपनीत या कामाला बहुधा एक किंवा दोनच माणसे असतात. त्यांच्याकडे आलेल्या प्रस्तावांतून जे बरे वाटतात, त्यांतील प्रत्येकाचे एक पानाचे टिपण करून ते समितीपुढे ठेवावे लागते. त्या टिपणात काम कोणते, ते कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील, म्हणजे हा निधी कोणत्या कामांना देता येतो त्या यादीतील, कोणत्या बाबीत बसते, पैसे किती, मुदत किती, करणार कोण आणि बिघडले तर काय, एवढेच रकाने असतात. समिती एका प्रस्तावाला पाच-सहा मिनिटे देते. त्यात वित्त विभागाचे प्रमुख दोन प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरे मी द्यायची असतात. तुम्ही त्या खोलीत नसता. तुमच्या वतीने बोलणारा मी असतो, आणि मी तुमचे गाव पाहिलेलेही नसते. ज्या प्रस्तावांतून मला वाक्ये जशीच्या तशी उचलून टिपणात घालता आली, ते पुढे सरकले. ज्यांतून मला अर्थ शोधून, आकडे गोळा करून, स्वतःची वाक्ये बनवावी लागणार होती, ते ‘पुन्हा बघू’ म्हणून बाजूला राहिले, आणि पुन्हा कधीच पाहिले गेले नाहीत. यात आकस नव्हता. संध्याकाळचे सहा वाजलेले असत आणि दुसऱ्या दिवशी बैठक असे.

म्हणून ‘पटवून देणे’ या शब्दाचा अर्थ थोडा बदलून घ्या. तुम्हाला मला पटवायचे आहे, हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मला दुसऱ्याला पटवता येईल अशी सामग्री माझ्या हातात द्यायची आहे. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

आता तुमचा पहिला परिच्छेद पाहू. तो असा आहे:

‘पाणी म्हणजे जीवन. आजच्या काळात वाढती लोकसंख्या व हवामान बदल यांमुळे पाणीटंचाईचे भीषण संकट आ वासून उभे राहिले असून सदर संकटावर मात करण्याच्या दृष्टीने लोकसहभागाच्या माध्यमातून गावातील पाझर तलावाचे पुनरुज्जीवन करून शेतकऱ्यांचे सर्वांगीण सक्षमीकरण साधण्याचा आमच्या संस्थेचा मानस आहे.’

यातले एकही विधान खोटे नाही. पण हा परिच्छेद महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यातील कोणत्याही संस्थेला जसाच्या तसा लागू पडतो, आणि मला टिपणात लिहिता येईल असे त्यात एकच आहे: ‘पाझर तलाव’. ही सवय शाळेतल्या निबंधाची आहे. निबंधाची सुरुवात सुविचाराने करावी, मग विषयाचे महत्त्व सांगावे आणि मग हळूहळू मुद्द्यावर यावे, असे आपल्याला शिकवले गेले, कारण शाळेतल्या निबंधात मुद्दा बहुधा नसतोच आणि पाने मात्र भरायची असतात. खरा निबंधही खरे तर असा लिहू नये. पाण्याचा प्रश्न काय असतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. तुमच्या तलावाचा प्रश्न मात्र त्याला ठाऊक नसतो.

तुमच्याच मसुद्यातील आकडे एकत्र करून तोच परिच्छेद मी असा लिहिला:

‘आमच्या गावाच्या उत्तरेकडील पाझर तलावाच्या पोटात सुमारे 8,000 चौरस मीटर जागेवर सरासरी दीड मीटर गाळ साचला आहे. येत्या एप्रिल आणि मे महिन्यांत हा 12,000 घनमीटर गाळ आम्ही काढणार आहोत. गावातील 64 शेतकरी तो स्वतःच्या खर्चाने आपल्या शेतात नेऊन टाकतील. गाळ उपसणाऱ्या पोकलेन यंत्राच्या भाड्यासाठी आम्ही आपल्याकडे 4 लाख रुपये मागत आहोत. काम झाल्यावर तलाव एकदा भरला की त्यात आजच्यापेक्षा 1 कोटी 20 लाख लिटर पाणी जास्त साठेल.’

पाच वाक्ये. मागणीची रक्कम चौथ्या वाक्यात आली आहे, अकराव्या पानावर नाही. पैसे मागताना आपल्याकडे एक संकोच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पाहुण्याकडे गेल्यावर चहा होईपर्यंत आपण कामाचे बोलत नाही. पण प्रस्ताव वाचणारा पहिल्या ओळीपासून ‘किती?’ हाच प्रश्न मनात धरून वाचत असतो, आणि उत्तर मिळेपर्यंत बाकीचे त्याच्या डोक्यात नीट शिरत नाही.

आकडे वर आणले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, कारण वाचणारा समासात पेन्सिलीने गणित करतो. मी करत असे. तुमच्या मसुद्यात म्हटले आहे की एका पोकलेनने दहा दिवसांत काम पूर्ण होईल. तुम्हीच दिलेल्या तक्त्यात यंत्राचा वेग ताशी 60 घनमीटर आणि भाडे डिझेलसह ताशी 2,000 रुपये धरले आहे. दिवसाचे दहा तास यंत्र चालले तर 600 घनमीटर होतात, म्हणजे 12,000 घनमीटरला वीस दिवस लागतात. तुमची रक्कम 200 तासांच्या हिशेबाने बरोबर आहे आणि दिवस मात्र निम्मे लिहिले आहेत. कदाचित आधी दोन यंत्रे धरली असतील आणि नंतर एक केले असेल. पण वाचणाऱ्याला तुमच्या मनातले ते ‘कदाचित’ कसे कळणार? तो एवढेच म्हणतो की यांचा दिवसांचा अंदाज चुकला आहे, तर बाकीचे अंदाजही तपासावे लागतील, आणि तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो.

आता याच गणिताची दुसरी बाजू बघा, कारण तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात जोरदार मुद्दा तिथे दडलेला आहे आणि तुम्ही तो लिहिलेलाच नाही. गावात गाळ घनमीटरमध्ये कोणी मोजत नाही. तो ब्रासमध्ये आणि ट्रॉलीच्या खेपांत मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. त्या हिशेबाने 12,000 घनमीटर गाळ साधारण 4,240 ब्रास होतो. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर सव्वाचार हजारांच्या आसपास खेपा झाल्या. गावातील 25 ट्रॅक्टरांनी दिवसाला प्रत्येकी आठ खेपा केल्या तर दिवसाला 200 खेपा होतात आणि 21 दिवसांत गाळ उचलला जातो. म्हणजे यंत्राचा वेग आणि वाहतुकीचा वेग जवळजवळ जुळतो. हे वाक्य प्रस्तावात हवे. गाळ काढण्याच्या कामात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा उभ्या यंत्रात. ट्रॅक्टर कमी पडले की पोकलेन वाट पाहत थांबते, आणि मालक दिवसाचे किमान तास लावून बिल करतो. ज्याने असे एक काम पाहिले आहे, त्याला तुमचे 25 ट्रॅक्टर वाचून लगेच कळेल की या माणसांनी तलावाच्या काठावर उभे राहून विचार केला आहे.

आणखी पुढे जाऊ. एका खेपेला डिझेल आणि चालक मिळून 250 रुपये खर्च येतो, असे तुम्ही शेवटच्या तक्त्याच्या तळटीपेत लिहिले आहे. 4,240 खेपांचे 10 लाख 60 हजार रुपये झाले. हा खर्च 64 शेतकरी करणार आहेत, प्रत्येकी सरासरी 66 खेपा आणि साडेसोळा हजार रुपये. म्हणजे तुम्ही कंपनीकडे 4 लाख मागता आहात आणि गाव स्वतःचे साडेदहा लाख घालते आहे. हा आकडा तुमच्या अकरा पानांत कुठेही नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द मात्र चौदा वेळा आला आहे, मी मोजला. चौदाही काढून टाका आणि हा एक आकडा पहिल्या पानावर घाला. वित्त विभागाच्या प्रमुखाला मी समितीत सांगू शकेन: ‘आपला एक रुपया, गावाचे अडीच रुपये.’ खोलीबाहेर गेल्यावर त्याला माझे बाकी काही आठवले नाही तरी एवढे आठवते.

जिथे आकडा मोहात पाडतो, तिथे मात्र हात आवरा. तुमच्या पाचव्या पानावर लिहिले आहे की या कामामुळे ‘गावाचे 1,200 टँकर वाचतील’. 1 कोटी 20 लाख लिटरला 10,000 लिटरच्या टँकरने भागले की 1,200 येतात, हे मला समजले. पण पाझर तलाव ही काही टाकी नव्हे. त्यातले पाणी जमिनीत मुरते, तसे ते उन्हात उडूनही जाते, आणि मुरलेले सगळेच पाणी तुमच्याच विहिरीत येईल, याची हमी भूगर्भ देत नाही. पाण्यातले जाणणारा एक जरी माणूस समितीत असला तरी या वाक्यावर तो बोट ठेवेल, आणि मग खरे आकडेही त्याच तराजूत तोलले जातील. त्याऐवजी असे म्हणा की तलावाच्या खालच्या बाजूच्या 38 विहिरींची पातळी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजून आम्ही वर्षभराच्या नोंदी देऊ, आणि कामाआधीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. नोंदी नसतील तर आजपासून घ्या. दोरी, दगड आणि वही यांपलीकडे त्याला काही लागत नाही. लाभार्थींच्या बाबतीतही हेच. गावाची लोकसंख्या 3,100, म्हणून लाभार्थी 3,100, ही युक्ती प्रत्येक संस्था करते आणि प्रत्येक वाचणाऱ्याला ती माहीत आहे. गाळ नेणारे 64 शेतकरी आणि 38 विहिरींचे मालक, त्यांत दोन्हींकडे असलेली नावे वजा केलेली, एवढीच संख्या लिहा. लहान आकडा नेमका असला की मोठ्या गोल आकड्यापेक्षा त्यावर विश्वास बसतो.

भाषेबद्दल मी फार सांगणार नाही, पण एक खोड नक्की सांगावी लागेल. तुमच्या मसुद्यात ‘करण्यात येईल’ हे क्रियापद जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी आहे. ‘समितीची स्थापना करण्यात येईल, नोंदी ठेवण्यात येतील, देखरेख करण्यात येईल.’ सरकारी पत्रव्यवहारात ही रचना रुळली, कारण तिथे निर्णय पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो, आणि कर्ता लपवण्यात थोडी सोयही असते. प्रस्तावात हीच सोय अंगाशी येते, कारण वाचणारा नेमका कर्ताच शोधत असतो. देखरेख कोण करणार? ‘यंत्राचे तास रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई आणि शेतकरी गटाचा एक सदस्य मिळून वहीत लिहितील आणि दोघे सही करतील’ असे लिहिले की देखरेखीचा वेगळा परिच्छेद लिहायची गरजच उरत नाही. ही खोड दुरुस्त करताना एक उपयोग आपोआप होतो: काही वाक्यांना कर्ता सापडतच नाही. तिथे तुमच्या भाषेत काहीच चुकलेले नसते, योजनेतच भोक असते. तुमच्या मसुद्यात मला अशा तीन जागा दिसल्या, आणि त्यांतली एक गंभीर आहे, ती म्हणजे कामानंतर वरच्या बाजूची बांधबंदिस्ती कोण सांभाळणार, ही.

दुसरी खोड मराठीच्या रचनेतून येते. आपले क्रियापद शेवटी असते, त्यामुळे ‘गेल्या वर्षी झालेल्या ग्रामसभेत मंजूर करण्यात आलेल्या ठरावानुसार नेमण्यात आलेल्या उपसमितीने केलेल्या पाहणीत आढळून आलेल्या’ अशी धातुसाधितांची आगगाडी जोडत गेले की वाचणारा इंजिनची वाट पाहत फलाटावर उभा राहतो. वाक्य लांब असायला हरकत नाही. हे उत्तरही लांब वाक्यांनी भरलेले आहे. पण लांब वाक्यात कर्ता आणि क्रियापद एकमेकांना हाका मारू शकतील एवढे तरी जवळ असावेत, नाहीतर त्याची दोन वाक्ये करावीत. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अनुषंगाने’, ‘माध्यमातून’ हे शब्द काढून वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक वेळा अर्थाला धक्का लागत नाही.

नेमकी मागणी कशी करावी याचा मराठी मुलखातला एक जुना नमुना मला नेहमी आठवतो. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांनी पुण्याहून इंग्रजीत निवेदन दिले. आपला शिक्षणातील अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे ते सुरुवातीलाच सांगतात, आणि मग आपण काढलेल्या शाळांची हकिकत देतात. आपल्या अनुभवाची मर्यादा आधीच सांगितल्यामुळे पुढचे प्रत्येक विधान वजनदार होते, कारण हा माणूस पाहिलेल्याबद्दलच बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक झालेले असते. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो, ही त्यांची तक्रार तीव्र आहे. पण ते तक्रारीवर थांबत नाहीत. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे आणि शिक्षकाला महिना 12 रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, अशा मागण्या ते करतात. ‘शिक्षकांची स्थिती सुधारण्याच्या दृष्टीने योग्य ती पावले उचलण्यात यावीत’ असे तेही लिहू शकले असते. आयोगाला मग त्यावर सहानुभूती दाखवून पुढे जाता आले असते. 12 रुपयांना मात्र हो किंवा नाही असेच म्हणावे लागते.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण मला सर्वांत जास्त वेळ इथे द्यायचा आहे. तुमचा मसुदा वाचताना माझ्या मनात चार प्रश्न आले आणि चारही समितीत विचारले जातील. पहिला प्रश्न असा की गाळ पुन्हा येणारच, मग आज काढून उपयोग काय. याचे उत्तर तुमच्याकडे आहे, पण ते दहाव्या पानावर ‘शाश्वतता’ या मथळ्याखाली असे लपले आहे की मला ते दुसऱ्या वाचनात सापडले. वरच्या पाणलोटात बांधबंदिस्तीचे काम गेल्या दोन वर्षांत झाले आहे, म्हणून माती कमी वाहून येते आहे. हे उत्तर पहिल्या पानावर गाळाच्या आकड्याच्या लगेच नंतर आणा. दुसरा प्रश्न मालकीचा आहे. तलाव संस्थेचा नाही, सरकारी यंत्रणेचा आहे, आणि परवानगीचे पत्र नसेल तर कंपनीचा विधी विभाग फाइल तिथेच थांबवेल. तुम्ही ग्रामसभेचा ठराव जोडला आहे, ते चांगले केले, पण ठराव आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी अजून मिळालेली नसेल तर ‘अर्ज अमुक तारखेला दिला आहे, पोच सोबत आहे’ असे सरळ लिहा. तिसरा प्रश्न असा की गाळाच्या नावाखाली वाळू किंवा मुरूम तर विकला जाणार नाही ना. हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण मनात असतोच. ‘कोणत्या शेतात किती खेपा गेल्या, याची यादी रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू’ हे वाक्य त्याचे उत्तर आहे. चौथा प्रश्न खोलीचा आहे. तलावाच्या मूळ तळापलीकडे आणि भिंतीच्या पायथ्याजवळ खोदायचे नसते, हे तुमच्या अभियंत्याला माहीत असणारच, मग ते लिहा, आणि खोदाईची हद्द दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडा.

आक्षेप आपणहून लिहिले तर वाचणाऱ्याच्या मनात नसलेली शंका आपणच पेरू, अशी भीती अनेकांना वाटते. मलाही वाटत असे. एकदा एका अहवालात मी त्या भीतीपायी मोठी चूक केली. आम्ही सतरा मातीनाला बांध बांधायचे कबूल केले होते. सोळा झाले आणि सतरावा पहिल्याच मोठ्या पावसात फुटला. अहवालात मी ‘सर्व कामे समाधानकारकरीत्या पूर्ण झाली’ असे लिहिले आणि सोळा बांधांची छायाचित्रे जोडली. निधी देणाऱ्या कंपनीचा माणूस पावसाळ्यानंतर आला आणि त्याने नेमका सतरावा बांध पाहायचा आग्रह धरला. तो बांध फुटल्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. पुढची दोन वर्षे मात्र त्यांनी आम्हाला दारात उभे केले नाही. आज मी तो अहवाल लिहिला असता, तर पहिल्या पानावर लिहिले असते की सतरापैकी एक बांध फुटला, सांडव्याची रुंदी कमी पडली, दुरुस्तीला 22 हजार रुपये लागतील आणि ते संस्था स्वतः घालते आहे. पुढे माझी खुर्ची बदलल्यावर असे लिहिणारे दोनच अहवाल माझ्याकडे आले. दोन्ही संस्थांना आम्ही पुन्हा पैसे दिले.

पैशाच्या तक्त्याबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या मसुद्यातही तो आहे. तुम्ही समन्वयकाचे मानधन आणि प्रवासखर्च मिळून बरोबर 5 टक्के दाखवला आहे आणि ‘नियमानुसार’ असे लिहिले आहे. 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीने स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर करायच्या खर्चाला आहे. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. काही कंपन्या स्वतःच्या धोरणाने संस्थांवर अशी मर्यादा घालतात, तो भाग वेगळा, आणि तो आधी विचारून घ्यावा. पण कायद्याचे नाव घेऊन स्वतःच्या समन्वयकाला अर्धपोटी ठेवू नका. त्याच्याशिवाय 25 ट्रॅक्टर रोज सकाळी सात वाजता काठावर येणार नाहीत. मात्र हा खर्च कंपनीने द्यायचा की संस्थेने, ते स्पष्ट लिहा. तुमच्या 4 लाखांत तो धरलेला नाही, मग तक्त्यात तो कुठून आला, हे मला कळले नाही. संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक (हा निधी घेण्यासाठी संस्थेने करायची नोंदणी), 12अ आणि 80जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलतीची प्रमाणपत्रे आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद एकाच परिशिष्टात ठेवा. मुख्य मजकुरात त्यांचे कौतुक नको. ‘आमची संस्था अत्यंत पारदर्शक आहे’ हे वाक्य वाचले की माझा हात नकळत ताळेबंदाकडे जाई.

इंग्रजीत लिहावे का? आधी मराठीतच लिहा, आणि तुम्ही गावात बोलता त्या मराठीच्या जवळ लिहा. तुमचा मसुदा वाचताना मला शंका आली की कोणीतरी इंग्रजी नमुना समोर ठेवून त्यातल्या चौकटी मराठीत भरल्या आहेत. ‘हितधारक’, ‘क्षमता बांधणी’, ‘परिणामांचे मोजमाप आराखडा’ हे शब्द त्यातूनच आले असावेत. मराठी मसुदा पक्का झाला की त्याच्या पहिल्या पानाचे इंग्रजी करून सोबत जोडा, कारण समितीतील काहींना मराठी येत नसते आणि माझ्यासारख्याला टिपण बहुधा इंग्रजीतच करावे लागते. ते भाषांतर शब्दाला शब्द नको. ब्रासचे घनमीटर करा आणि पाझर तलाव म्हणजे काय, ते एका ओळीत सांगा. लांबीचे म्हणाल तर एक पान गोषवारा, तीन पाने तपशील आणि बाकी सगळे परिशिष्ट. चार पानांत न मावणारा गाळ काढण्याचा प्रस्ताव मी अजून पाहिलेला नाही.

पाठवण्याआधी तो मसुदा गाळ नेणाऱ्या दोन शेतकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘कौतुक करा’ म्हणू नका, ‘खोटे काय आहे ते सांगा’ म्हणा. दिवसाला आठ खेपा होतात की पाच, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि पाच निघाल्या तर तुमचे 21 दिवस 34 होतील आणि काम पावसात सापडू शकेल.

पावसाचा विषय निघाला म्हणून शेवटची व्यवहाराची गोष्ट. तुमचे मागचे प्रस्ताव फेब्रुवारी-मार्चमध्ये गेले, असे तुमच्या पत्रातील तारखांवरून दिसते. कंपनीचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, आणि त्या वर्षी खर्च न झालेली रक्कम, प्रकल्प एकाहून अधिक वर्षांचा ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर नसेल तर, कायद्याने ठरवलेल्या निधीत सहा महिन्यांत वळती करावी लागते. मार्चमध्ये आलेला आणि मेमध्ये काम मागणारा प्रस्ताव त्यामुळे वाचणाऱ्याला अडचणीचाच वाटतो. तुमचे काम उन्हाळ्यातच होणार असेल, तर प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच द्या, कंपनी तुमच्या जिल्ह्यात किंवा जवळ कारखाना चालवते का ते पाहा, कारण कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि आवरणपत्रात लिहा की करार जानेवारीपर्यंत झाल्यास यंत्राची नोंदणी फेब्रुवारीत करू, कारण एप्रिलमध्ये पोकलेन दुप्पट भाडे देऊनही मिळत नाही.